दोनशे केबीत अप्पा

रविवारी रात्री साडेनऊला ताईचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर कुणाचं काहीतरी झालेलं असतं, नाहीतर कुठल्यातरी फॉर्मची आज शेवटची तारीख असते. "जेवलास का?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी ओळखलं की फॉर्मच.

भाचीच्या जातपडताळणीच्या अर्जाला त्रुटी निघाली होती. ज्यांनी असे अर्ज भरलेत त्यांना 'त्रुटी' या शब्दाचं वजन ठाऊक आहे. चूक झाली की माणूस सॉरी म्हणून सुटतो. त्रुटीची 'पूर्तता' करावी लागते, तीही मुदतीत, आणि मुदत त्याच रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी संपत होती. ताईनं शेरा वाचून दाखवला : "दस्तऐवज क्रमांक चार अस्पष्ट. जन्म सन १९४९ व शाळा सोडल्याचे सन १९५६ यांचा मेळ बसत नाही. सुस्पष्ट प्रत अपलोड करावी."

दस्तऐवज क्रमांक चार म्हणजे ताईचे सासरे, अप्पा. अप्पांचा जन्म १९४१ चा, हे बार्शीतल्या त्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. १९५६ साली सातवी फायनल होऊन ते शाळेबाहेर पडले. पण अपलोड केलेल्या पीडीएफमध्ये चाराच्या शेजारच्या एकाच्या डोक्याला कागदाच्या घडीची रेघ चिकटली आणि त्या एकाचा नऊ झाला. हिशेब केला तर अप्पा सातव्या वर्षी सातवी पास.

"हुशार होतेच ते," मागून दाजींचा आवाज आला.

हे सगळं माझ्याकडे का आलं, तर वीसेक वर्षांपूर्वी मी ताईकडचा बंद पडलेला प्रिंटर सुरू करून दिला होता. त्याची वायर निघाली होती, ती मी बसवली. तेव्हापासून दोन्ही घरांत मी कॉम्प्युटरवाला मामा. मी अकाउंट्समध्ये आहे हे आता कुणाला आठवतही नाही.

"ती फाइल तू करून दे," ताई म्हणाली. "फोटोची पीडीएफ. पण क्वालिटी घालवू नकोस. आणि दोनशे केबीच्या आत बसव."

ही दोन वाक्यं एका दमात म्हणणं म्हणजे "पोरगी एकुलती एक आहे, लग्न थाटात झालं पाहिजे, आणि खर्च पन्नास हजारांच्या वर जाता कामा नये" असं म्हणण्यासारखं आहे. पण धाकट्या भावानं असलं काही बोलायचं नसतं. मी म्हटलं, "दाखल्याचा फोटो पाठव."

फोटो आला. त्यात दाखला होता, नाही असं नाही. पण तो ज्या चादरीवर ठेवला होता ती सोलापुरी चादर त्याहून पुष्कळ जास्त होती. गर्द निळ्यावर लाल-पिवळी फुलं. दाखल्याचा वरचा कोपरा वाकू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर, खालच्या कोपऱ्यावर एक अंगठा. अंगठा पायाचा होता. ट्यूबलाइट पाठीमागे असल्यामुळे दाखल्याच्या बरोबर मध्यावर ताईच्या डोक्याची सावली, अंबाड्यासकट. ताईच्या फोनमध्ये हा फोटो साडेचार एमबीचा होता. माझ्याकडे उतरला तेव्हा एकशे ऐंशी केबी उरला होता.

मी म्हटलं, "ताई, फोटो म्हणून पाठवू नकोस. ॲप त्याला चेपून पाठवतं. ते पिनेचं चिन्ह आहे ना, ते दाब आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव."

"कसली पिन?"

"कागदाला लावतात ती."

"कागदाला पिन लावायची नाही असं अप्पांनी बजावलंय. सत्तर वर्षांचा दाखला आहे."

पाच मिनिटांनी दुसरी फाइल आली. तिनं फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवला होता. वर वेळ दिसत होती, नऊ बावन्न, आणि बॅटरी चौदा टक्के. या दोन गोष्टी मात्र अगदी सुस्पष्ट होत्या.

आता या 'चेपण्या'बद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं पाप तिथंच आहे आणि शिव्या मात्र पीडीएफ खाते. फोनमधला फोटो साधारणपणे जेपेग असतो. हे मानक १९९२ चं. त्याच्या पोटात जे गणित आहे ते एका भारतीयानं शोधलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. परीक्षकांना कल्पना फारच सोपी वाटली. अनुदान नाकारलं गेलं. म्हणजे त्यांच्याही अर्जाला त्रुटी निघाली होती! अहमदांनी तरीही काम पूर्ण केलं आणि १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर निबंध छापला. आज जगातले बहुतेक फोटो त्या 'फारच सोप्या' कल्पनेवर चालतात.

कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ठळक काय आणि बारीकसारीक काय याचा हिशेब मांडायचा आणि बारीकसारीक आकडे राउंड करून टाकायचे. किराणा दुकानात बिल सत्त्याण्णव रुपये होतं, तुम्ही शंभर देता आणि दुकानदार तीन चॉकलेटं हातावर ठेवतो, तसं. एकदा झालं तर कुणाचं काही बिघडत नाही. डोळ्यालाही कळत नाही. पण फोटो कापला, लहान केला, पुन्हा सेव्ह केला, कुणाला पाठवला, त्यानं आणखी चेपून पुढे पाठवला, की दर दुकानात तुमच्या हातावर तीन-तीन चॉकलेटं पडत जातात. शेवटी खिशात पैसे नसतात, नुसती चॉकलेटं असतात. त्यात पहिला बळी जातो तो बारीक रेषांचा. एकाच्या डोक्याचा, अनुस्वाराचा, गोल शिक्क्यातल्या तालुक्याच्या नावाचा.

मग पीडीएफचं काय? पीडीएफ हा बिचारा डबा आहे. १९९१ साली अडोबीचे जॉन वॉर्नॉक यांनी 'कॅमेलॉट' नावाचं एक टिपण लिहिलं. कुठल्याही कॉम्प्युटरवर कागद जसाच्या तसा दिसावा आणि छापला जावा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यातून १९९३ साली पीडीएफ निघालं आणि २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. अडोबी काढण्याआधी हे वॉर्नॉक झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात नोकरीला होते. आपल्याकडे झेरॉक्स आणि पीडीएफ एकाच टपरीत का मिळतात, याचं मूळ इतक्या लांब आहे असं मी म्हणणार नाही, पण म्हणावंसं वाटतं.

तर डबा. जेपेग फोटो पीडीएफमध्ये जसाच्या तसा ठेवता येतो. एक ठिपका न हलवता, त्याच चेपलेल्या अवस्थेत, वर पानाचं माप लिहून झाकण लावायचं. 'आयएमजी-टू-पीडीएफ' नावाचा एक फुकट प्रोग्राम नेमकं हेच करतो, दुसरं काही नाही. तो सहसा काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवावा लागतो, म्हणून तो लोकप्रिय नाही. लोकप्रिय असतात ते बाकीचे. ते तुमची भाजी डब्यात भरण्याआधी पुन्हा कढईत घेतात, पुन्हा फोडणी देतात, आणि वर कोपऱ्यात आपलं नाव छापतात. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं एकोणसाठ ॲपवर बंदी घातली त्यात कॅमस्कॅनर होतं. बंदीआधी त्यावर केलेल्या पीडीएफ अजून लोकांच्या फोनमध्ये आहेत आणि दरवर्षी नव्या अर्जांना जोडल्या जातात. बंदी घातलेल्या ॲपचं नाव कोपऱ्यात मिरवत सरकारी अर्ज दाखल होतो. याला त्रुटी निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

भाचीचा पहिला अर्ज भरला गेला होता स्टँडजवळच्या एका ऑनलाइन सेंटरवर. तुमच्या गावातही ते आहेच. फळ्यावर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट, पासपोर्ट फोटो, लाइट बिल आणि शेवटी 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. आत एक मुलगा असतो. तो एका हातानं झेरॉक्स काढतो, दुसऱ्या हातानं माउस चालवतो आणि मानेत फोन धरून तिसऱ्याच गिऱ्हाइकाला ओटीपी विचारतो. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' असं करत एकेचाळीसपर्यंत फोल्डर असतात आणि त्यांत अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं असतात. मी विनोद करत नाही, पुढच्या वेळी डोकावून बघा. आपण घराच्या कुलपाला दोनदा ओढून बघणारी माणसं. पण आधार, पासबुक आणि सही असलेला कागद कुठल्यातरी अनोळखी फुकट वेबसाइटवर 'कम्प्रेस'ला टाकताना आपला हात कापत नाही.

त्या मुलानं दाखल्याचा फोनवर फोटो काढला, स्वतःलाच पाठवला, कॉम्प्युटरवर उतरवला, एका वेबसाइटवर पीडीएफ केला, तो साडेतीनशे केबीचा झाला म्हणून दुसऱ्या वेबसाइटवर चेपला. एकूण चार दुकानं. दीड मिनिटात. पन्नास रुपये. मी त्याला दोष देत नाही, त्याच्यामागे अकरा जण रांगेत होते आणि त्यातले चौघे "आमचं फक्त एकच पान आहे" म्हणत होते.

आणि निदान ती प्रत अंधुक होती, ही मेहरबानीच म्हणायची. अंधुक कागद स्वतःहून कबूल करतो की माझ्यावर विसंबू नका. जर्मनीत याहून भारी प्रकार झाला होता. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाला आढळलं की झेरॉक्सच्या काही मशीनमधून स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं सारखीच येताहेत. मूळ नकाशात १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३. कारण मशीन जागा वाचवायला सारखे दिसणारे आकार शोधत होतं, त्यातला एकच जपून ठेवत होतं आणि बाकीच्या ठिकाणी तोच डकवत होतं. सहाचा आठ होत होता. अक्षर स्वच्छ, सुबक, आणि चूक! कंपनीनं पुढे दुरुस्ती काढली. पण हेच आपल्याकडे सातबाऱ्यावर झालं असतं तर दुरुस्ती येईपर्यंत भावकीत दोन खून पडले असते.

दहा वाजून दहा मिनिटं. मी ताईला म्हटलं, "आधी ती चादर काढ."

"चादरीनं काय केलंय?"

चादरीनं काय केलं होतं ते सांगतो. ए-फोर कागद तीनशे डीपीआयला घेतला की २४८० बाय ३५०८ ठिपके होतात, म्हणजे सत्त्याऐंशी लाख. रंगीत असेल तर दर ठिपक्याला तीन बाइट, एकूण सव्वीस एमबी. ते आपल्याला दोनशे केबीत कोंबायचं असतं, म्हणजे एकशेतीसातला एक भाग ठेवायचा आणि बाकीचा टाकायचा. जेपेगला साधा सपाट कागद स्वस्त पडतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं. महाग पडते ती बारीक नक्षी. दोनशे केबीतले बहुतेक केबी त्या लाल-पिवळ्या फुलांनी, विणीच्या धाग्यांनी आणि दाजींच्या अंगठ्यानं खाल्ले होते. अप्पांच्या वाट्याला आला होता उरलासुरला मुरमुरा. हाच फोटो चढवला असता तर शासनदरबारी आम्ही पडताळणीसाठी पाठवली असती ती मुख्यत्वे चादर.

ताईला हे पटलं. इतकी वर्षं सोबत राहूनही चादर अशी वागेल असं तिला वाटलं नव्हतं. भाचीचा पांढरा ड्रॉइंग पेपर खाली घातला. ट्यूबलाइटकडे तोंड करून ताई उभी राहिली, दाजींनी दुसऱ्या बाजूनं टॉर्च धरला. कोपरे दाबायला रुपयाची चार नाणी. या सगळ्या गडबडीत अप्पा बाजूच्या खुर्चीत बसून होते. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट. व्हिडिओ कॉलवर ते मला दिसत होते.

"कशाला एवढा खटाटोप?" ते म्हणाले. "मलाच न्या की तिथं. मी आहे ना."

"अप्पा, तुम्ही अपलोड होत नाही," भाची म्हणाली.

"आणि ते एकेचाळीस का एकोणपन्नास, त्याचं काय घेऊन बसलात? तारीख तरी कुठं खरी आहे? एक जून म्हणे. मी सुगीतला आहे. ज्वारीची काढणी चालली होती आणि आई शेतातून घरी आली, असं माझी आत्या सांगायची."

बार्शीकडची ज्वारी रब्बीची. काढणी फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे अप्पा एक जूनचे नाहीतच. पण त्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एक जूनचाच आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला हाताला धरून आणून उभा करायचा, जन्मतारीख त्याला ठाऊक नसायची. मास्तर पोराकडे एकदा बघायचे आणि प्रवेशाला वय पुरेल असं साल धरून एक जून टाकून मोकळे व्हायचे. नासिर अहमदांच्या वीसएक वर्षं आधी, दौत-टाकानं, संबंध गाव राउंड करून टाकणारे मास्तर आपल्याकडे होते. सुगी, आषाढी, दिवाळी, शिमगा, सगळे जन्म एका तारखेत. भरपूर जागा वाचली.

डॉक्युमेंट म्हणून फोटो आला. सव्वाचार एमबी. या वेळी स्क्रीनशॉट नव्हता. कडा कापून टाकल्या. रंग काढला पण नुसता काळा-पांढरा केला नाही, करड्या छटा ठेवल्या. हे मी आधीच्या एका फजितीवरून शिकलो आहे. निव्वळ काळं-पांढरं केलं की फिका जांभळा शिक्का साफ उडतो, आणि घड्यांच्या रेषा मात्र कोळशानं ओढल्यासारख्या उमटतात. दाखला मग कैद्याच्या खिडकीसारखा दिसतो. दीडशे डीपीआयच्या हिशेबानं रुंदी १२४० ठिपक्यांवर आणली. हे एकदाच, मूळ फोटोवरून. चेपलेल्याला पुन्हा चेपायचं नाही. मग तो काळ्या खिडकीतला प्रोग्राम चालवला. १८७ केबी. मोठा करून पाहिलं. एक हा एक दिसत होता. ताठ, सडपातळ, पोट नसलेला.

पुढचं थोडक्यात. लॉगिन झालं. कॅप्चा दोनदा चुकला. फाइलच्या नावात मराठी अक्षर चालत नाही हे तिसऱ्या प्रयत्नात कळलं. एकदा सेशन संपलं. अकरा छप्पनला 'यशस्वीरीत्या सादर' असा हिरवा पट्टा आला, आणि बार्शीतून फोनवर ताईनं पहिल्यांदाच विचारलं, "तू खरंच जेवलास ना रे?"

दोन महिन्यांनी सुनावणीला दाजी गेले. तिथल्या बाईंनी स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ओरिजिनल दाखवा," म्हणाल्या, आणि पिशवीतून निघालेला दाखला चष्मा वर करून पाच सेकंद वाचला. झालं.

दिवाळीत बार्शीला जाताना मी पुण्याहून माझा सपाट काचेचा स्कॅनर पिशवीत घालून नेला. म्हटलं, एकदा तरी या कागदाला कुणी 'किती केबी' असं विचारू नये. सहाशे डीपीआय, पूर्ण रंगीत, आणि पीएनजी, म्हणजे राउंड करणं नाही, चॉकलेटं नाहीत, एकेका ठिपक्याचा रोकडा हिशेब. फाइल अडतीस एमबीची झाली. लॅपटॉपवर मोठी करून आम्ही सगळे बघायला बसलो. कागदाचे तंतू दिसले. टाकाचं निब कुठं फाकलं ते दिसलं. आणि 'एक जून' या शब्दांच्या खाली, इतक्या वर्षांत कुणाच्याही लक्षात न आलेली, पेन्सिलीची जवळपास पुसली गेलेली बारीक ओळ दिसली : 'बापाचे सांगणेवरून, अंदाजे.'

अप्पा लॅपटॉपकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मास्तर प्रामाणिक होते."

पुण्याला परतल्यावर मी ती फाइल घरच्या ग्रुपवर टाकली. रीतसर डॉक्युमेंट म्हणून. सोबत दोन ओळी लिहिल्या की ही मूळ प्रत आहे, सगळ्यांनी जपून ठेवा, फोटो म्हणून पुढे पाठवू नका. तीन तास कुणी काही बोललं नाही. मग ताईचा निरोप आला : "फाइल फार मोठी आहे, उघडत नाही. त्या ओळीचा साधा फोटो पाठव ना, नणंदेला दाखवायचाय."

मी स्क्रीनशॉट काढून पाठवला.